ज्या घरचे मूल, त्या घरची भाषा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ज्याला शिक्षक व्हायचे असते, त्याच्यापुढे एक अडचण पहिल्याच दिवशी उभी राहते. वर्गातील पुष्कळ मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, स्पॅनिश बोलतात. मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर अशा देशांतून शेतमजुरीसाठी, बांधकामावर, हॉटेलांच्या भटारखान्यांत राबण्यासाठी आलेल्या कष्टकऱ्यांची ही मुले. म्हणून शिक्षणशास्त्राचे अनेक विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पॅनिश बोलणाऱ्या एखाद्या देशात जातात, तिथल्या कुटुंबात पैसे भरून राहतात, त्यांच्याच पंगतीला जेवतात आणि भाषा शिकतात. आपल्या कोकणात पर्यटकांसाठी ज्याला होमस्टे म्हणतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे राहणारा मौजेसाठी आलेला नसतो, विद्यार्थी म्हणून आलेला असतो.

माझ्या मावसभावाची मुलगी अशीच २०२३ च्या जून महिन्यात ग्वातेमालाला गेली आणि सहा आठवडे राहिली. तिचे आईवडील मूळचे नागपूरचे, गिरणी कामगाराच्या घरातले. वडील संगणकाच्या नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात गेले आणि तिथेच स्थायिक झाले. मुलगी तिथे वाढली, तरी घरात मराठी बोलते, बुद्धवंदना म्हणते. शिक्षिका व्हायचे हे तिने स्वतः ठरवले. पुढे ती चैत्यभूमीवर अभिवादनाला आली, तेव्हा आमच्याकडे आठवडाभर मुक्कामाला होती. त्या आठवड्यात तिने जे सांगितले, ते आपल्या साप्ताहिकाच्या वाचकांपर्यंत, विशेषतः शिक्षक असलेल्या बंधू-भगिनींपर्यंत पोहोचावे असे वाटले. तिच्या संमतीनेच लिहीत आहे.

डोंगरातले शहर

ग्वातेमाला हा मध्य अमेरिकेतील देश, मेक्सिकोच्या दक्षिणेला. राजधानीपासून पश्चिमेकडे बसने चार-पाच तास घाट चढत गेले, की केत्झाल्तेनांगो हे शहर लागते. हे नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते, पण तिथल्या लोकांनीच ते सोपे केले आहे. ते शहराला नुसते ‘शेला’ म्हणतात. हे जुने माया नावाचे लघुरूप आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कितीतरी उंच. त्यामुळे जून महिन्यातही रात्री घोंगडी लागते. मे ते ऑक्टोबर पावसाळा. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी पाऊस, हा ठरलेला क्रम. शहराच्या दक्षिणेला सांता मारिया हा ३,७७२ मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे. १९०२ साली त्याचा भयंकर स्फोट झाला होता. त्याच्या कुशीत १९२२ पासून सांतियागितो हा धाकटा ज्वालामुखी तयार झाला, तो आजही धूर आणि राख सोडत असतो. लोकांना त्याची इतकी सवय झाली आहे, की राख पडली तर बाया वाळत घातलेले कपडे आत घेतात आणि पुन्हा कामाला लागतात.

तिला सर्वांत नवल वाटले ते तिथल्या बसगाड्यांचे. अमेरिकेत ज्या पिवळ्या बसमधून शाळेची मुले ने-आण करतात, त्या जुन्या झाल्या की लिलावात निघतात. त्यातील कितीतरी ग्वातेमालात येतात. तिथे त्यांना लाल, निळे, हिरवे भडक रंग देतात, टपावर सामानाचा कठडा बसवतात आणि प्रवासी बस म्हणून चालवतात. दोघा मुलांसाठी केलेल्या बाकावर तिघे मोठे माणसे दाटीवाटीने बसतात. ती म्हणाली, “काका, ज्या बसमधून मी लहानपणी शाळेत गेले, त्याच जातीच्या बसमध्ये मी पुन्हा शिकायला निघाले होते.”

एक विद्यार्थी, एक शिक्षिका

शेलामध्ये स्पॅनिश शिकवणाऱ्या बऱ्याच शाळा आहेत. शिकवण्याची पद्धत साधी आहे. एका टेबलाशी एक विद्यार्थी आणि एक शिक्षिका. रोज चार-पाच तास, आठवड्यातून पाच दिवस. मागच्या बाकावर लपायला जागाच नाही. चुकले की तिथेच दुरुस्त. दुपारनंतर विद्यार्थी आपल्या यजमानांच्या घरी जातो आणि सकाळी शिकलेले तिथे वापरतो. खरी शाळा घरीच, असे तिथले शिक्षकही सांगतात.

पहिल्याच आठवड्यात तिला एक गंमत सापडली. आपल्या मराठीतले काही शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपण ‘पगार’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपण कुशल कारागिराला ‘मेस्त्री’ म्हणतो. तोच शब्द स्पॅनिशमध्ये ‘माएस्त्रो’ होतो, आणि शाळेतल्या बाईंना ‘माएस्त्रा’ म्हणतात. शिक्षिका म्हणजे माणूस घडवणारी मेस्त्री! हे ऐकून आमच्या घरातले सगळेच खूश झाले, कारण आमच्या तीर्थरूपांचे अर्धे आयुष्य मेस्त्रीच्या हाताखाली गेले.

घर आणि ताट

परक्या गावात घर मिळणे ही गोष्ट आपल्यासाठी साधी नाही. बाबासाहेब परदेशातून एवढी विद्या घेऊन आले, आणि १९१७ साली बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आजही आपल्या शिकल्या-सवरल्या मुलांना भाड्याची खोली बघताना आधी आडनाव सांगावे लागते. त्यामुळे मुलीच्या वडिलांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “घरमालकिणीने काय काय विचारले?” ती म्हणाली, “दोनच गोष्टी विचारल्या. काय खात नाहीस, आणि रात्री किती पांघरुणे लागतील.”

घरमालकीण बाई साठीच्या, विधवा. दोन मुलगे राजधानीत कामाला. विद्यार्थी ठेवून जे पैसे मिळतात, त्यावर त्यांचा संसार चालतो. घरात रोज काळ्या घेवड्याची उसळ, अंडी, तळलेली केळी आणि मक्याच्या पातळ भाकरी, म्हणजे तोर्तिया. मका हे मूळचे त्याच मुलखातले पीक, तिथूनच ते जगभर गेले. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून धुतात, ओले वाटतात आणि त्या पिठाच्या भाकऱ्या हातावर थापून तव्यावर टाकतात. दर गुरुवारी ‘पाचेस’ नावाचा पदार्थ. उकडलेल्या बटाट्याच्या पिठात तिखट रस्सा आणि मांसाचा तुकडा घालून, पानात गुंडाळून तो वाफवतात. गुरुवार म्हणजे पाचेस, हे त्या शहराचे ठरलेलेच आहे.

हे सगळे छान होते. पण त्या घरात आणखी एक माणूस होते, आणि त्याच्यापासून खरी गोष्ट सुरू होते.

स्वयंपाकाला एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी येत असे. शहराजवळच्या सान हुआन ओस्तुनकाल्को या गावची, माया समाजातली. अंगात हातमागावर विणलेला, फुलापानांचा ‘विपिल’ हा झगा आणि कमरेला गुंडाळलेले लुगड्यासारखे वस्त्र. ती ताटे वाढायची आणि स्वतः आत, चुलीपाशी स्टुलावर बसून जेवायची. बाहेरच्या टेबलाशी चार खुर्च्या होत्या आणि जेवणाऱ्या दोघीच.

स्पॅनिशमध्ये समोरच्याला संबोधण्याच्या तीन तऱ्हा आहेत. आदराने बोलायचे तर ‘उस्तेद’, म्हणजे आपले तुम्ही. सलगीने बोलायचे तर ‘तू’. होय, उच्चारही अगदी आपल्यासारखाच. आणि ग्वातेमालात तिसरे आहे ‘वोस’, आपल्या अरे-तुरेच्या जवळचे. दोन मित्रांनी एकमेकांना वोस म्हटले तर त्यात प्रेम असते. पण माया माणूस म्हातारा असला तरी त्याला वोस म्हणायचे, आणि त्याने मात्र उलट उस्तेदच म्हणायचे, अशी रीत तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. घरमालकीण बाई आमच्या मुलीला उस्तेद म्हणत आणि स्वयंपाकाच्या मुलीला वोस. बाई वाईट नव्हत्या. आवाज कधी चढवत नव्हत्या. त्यांना त्यात काही वावगे दिसतच नव्हते.

आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या आजोबांना पाटलाच्या शेंबड्या पोराने ‘अरे’ म्हणून हाक मारली आहे, त्यांना सर्वनामातली जात लगेच ओळखू येते.

माया समाजाची कहाणी

ग्वातेमालात माया लोकांची संख्या फार मोठी आहे. हजारो वर्षांपूर्वीची मंदिरे, पंचांग, लिपी, शून्याचे ज्ञान हा त्यांचा वारसा. सोळाव्या शतकात स्पॅनिश आले, जमिनी गेल्या आणि जमिनीचे मालक मजूर झाले. १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षे त्या देशात यादवी चालली. २९ डिसेंबर १९९६ रोजी शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ज्या बळींची पूर्ण ओळख पटली त्यातील ८३ टक्के माया होते, असे त्यात नोंदवले आहे.

याच समाजातून रिगोबेर्ता मेंचू ही शेतमजुराची मुलगी पुढे आली. तिची मातृभाषा किचे. स्पॅनिश ती मोठेपणी शिकली, आणि आपल्या लोकांवर झालेला अन्याय त्याच भाषेत जगाला सांगितला. १९९२ साली तिला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. खुद्द शेला शहरात १९९५ च्या निवडणुकीत रिगोबेर्तो केमे चाय हे पहिले किचे महापौर निवडून आले. तरीही २००२ साली इर्मा अलिसिया वेलास्केस निमातुह या उच्चशिक्षित किचे विदुषीला, विपिल नेसली आहे म्हणून, राजधानीतील एका उपाहारगृहात प्रवेश नाकारला गेला. त्या गप्प बसल्या नाहीत. त्याच वर्षी भेदभाव हा तिथल्या दंडसंहितेनुसार गुन्हा ठरला. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, माया भाषांना कायद्याने राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. त्या देशात माया भाषाच बावीस आहेत.

म्हणजे कायदा झाला होता. पण ताट अजून चुलीपाशीच होते.

चुलीपाशी

आमच्या मुलीपुढे प्रश्न पडला. पाहुणी म्हणून आलेल्या माणसाने यजमानाच्या घरची रीत मोडावी का? बोलायला स्पॅनिशही अजून धड येत नव्हते. तिने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तिने भांडण केले नाही की व्याख्यान दिले नाही. आपले ताट उचलले आणि आत चुलीपाशी जाऊन बसली. म्हणाली, “भाकरी कशी थापतात ते मला शिकायचे आहे.” आणि त्या मुलीला उस्तेद म्हणाली.

ती मुलगी दचकली. आधी बाईंकडे पाहिले. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त वाटीतली उसळ ढवळत राहिल्या. त्या दिवसापासून दुपारचे जेवण आत होऊ लागले. तिची पहिली भाकरी वेडीवाकडी झाली, दुसरी तव्यावर फाटली. स्वयंपाकाची मुलगी पोट धरून हसली. आमच्या मुलीला नागपूरच्या आजीचे हात आठवले, तोच थप-थप आवाज. पंधरा दिवसांनी एका गुरुवारी बाईही आपला कॉफीचा कप घेऊन आत आल्या आणि स्टूल ओढून बसल्या. ‘वोस’ मात्र सुटले नाही. सहा आठवड्यांत एवढेच झाले, त्याहून जास्त झाले असे सांगणे खोटे ठरेल, असे ती स्वतःच म्हणाली.

चुलीपाशी तिला जे कळले, ते शाळेच्या टेबलाशी कळले नसते. स्वयंपाकाच्या मुलीची मातृभाषा स्पॅनिश नव्हतीच. ती होती माम, बावीस माया भाषांपैकी एक. शाळेत गेली तेव्हा तिला स्पॅनिशचे चार शब्द येत होते. गुरुजी जे बोलत ते समजत नसे. काही विचारले तर उच्चारावर वर्ग हसे, आणि गुरुजीही हसत. सहावी झाली आणि शाळा सुटली. “मी मठ्ठ होते,” असे तिने अगदी सहज सांगितले. ही मुलगी दोन भाषा बोलते, बाजारातला हिशेब तोंडी करते, विपिलवरची गुंतागुंतीची नक्षी कागदावर न काढता मनात ठेवून विणते. आणि ती स्वतःला मठ्ठ समजते! एका मास्तराच्या हसण्याने एवढे नुकसान होते.

मग ती म्हणाली, “माझा मामा कॅलिफोर्नियात आहे. ओकलंडला. त्याची पोरे तिथल्या शाळेत जातात.”

आमची मुलगी ऐकतच राहिली. तिचे गाव ओकलंडपासून जवळच. गेल्या काही दशकांत ग्वातेमालाच्या डोंगरातून माम बोलणारी हजारो माणसे ओकलंडला येऊन राहिली आहेत. त्यांची मुले शाळेत आली, की पाहणाऱ्याला वाटते, ग्वातेमालाचे म्हणजे स्पॅनिश बोलणार. शिक्षक चांगल्या मनाने स्पॅनिशमध्ये बोलतो, मूल गप्प राहते, आणि कागदावर शेरा पडतो, ‘मंद’. जी भाषा मुलांच्या घरची म्हणून शिकायला ती एवढ्या दूर आली होती, ती भाषा यांतल्या कित्येक मुलांच्या घरची नव्हतीच.

कायद्याची लढाई

कॅलिफोर्नियातही ही हक्काची लढाई जुनी आहे. तिथे मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळांत बसवत असत. त्याविरुद्ध पालक न्यायालयात गेले आणि मेंडेझ खटल्यात १९४७ साली अपिलातही जिंकले. काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा प्रसिद्ध ब्राऊन खटल्याचा निकाल त्यानंतर सात वर्षांनी, १९५४ साली लागला. सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी मुलांच्या पालकांनी लढलेल्या लाऊ खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या मुलांना इंग्रजी कळत नाही त्यांना नुसती तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे नाही. पुढे १९९८ साली लोकमत घेऊन दुभाषिक वर्गांवर कडक निर्बंध आले, आणि २०१६ साली पुन्हा लोकमतानेच ते उठले. मिळालेला हक्क राखावा लागतो, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

परतल्यावर ती ओकलंडच्या एका शाळेत अध्यापनाचा सराव करू लागली. वर्गात एक सात वर्षांचा मुलगा महिनाभर तोंड उघडत नव्हता. एकदा त्याने खाली पडलेली पेन्सिल उचलून दिली, तेव्हा तिने चुलीपाशी शिकलेला माम भाषेतला आभाराचा शब्द उच्चारला, ‘छोंते’. मुलाने मान वर केली, तिच्याकडे रोखून पाहिले आणि तो शब्द स्वतः नीट म्हणून दाखवला. बाईंचा उच्चार चुकला होता! महिनाभर गप्प असलेल्या मुलाचा वर्गातला पहिला शब्द म्हणजे त्याने बाईंना दिलेला धडा होता. तिने तो शब्द त्याच्याकडून तीनदा घोटून घेतला.

आपल्या वर्गात

आता हा विचार आपल्या घरी आणू. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा असून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. म्हणजे कोणती भाषा कोणाची, हे वरून ठरवण्याचा दुष्टपणा आपल्या महामानवाने भोगला आहे. त्यांच्या पुण्याईने आज आपल्या समाजातील हजारो बंधू-भगिनी शिक्षक आहेत. कोणी मेळघाटात आहे, कोणी गडचिरोलीत, कोणी नंदुरबारला. तिथल्या लेकरांच्या घरी कोरकू, गोंडी, माडिया, भिली बोलतात. आपण पुस्तकातली मराठी बोलतो, आणि ते लेकरू गप्प बसते. त्या वर्गात आपण कोणाच्या जागी उभे आहोत, याचा विचार प्रत्येकाने करावा. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो, की शक्य तेथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावे. संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदातही भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे म्हटले आहे.

शहरातही हेच आहे. विदर्भ-मराठवाड्यातून पोट भरायला आलेल्या आपल्या लोकांची मुले ‘करून रायलो’, ‘गेल्तो’ म्हणतात, आणि वर्ग हसतो. त्या हसण्यात गुरुजींनी सामील होऊ नये, इतके तरी होऊ शकते.

परदेशी जाणे सर्वांना जमणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. शिक्षकाने महिन्यातून एका विद्यार्थ्याच्या घरी जावे. खुर्ची मागू नये, जिथे घरची माणसे बसतात तिथे बसावे. चहा दिला तर प्यावा, भाकरी दिली तर खावी. त्या घरात पाण्याला, आईला, भुकेला काय शब्द आहे ते विचारून वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातला एक शब्द वापरावा. आमच्या विहारातील अभ्यासिकेत शिकवणाऱ्या तरुणांनी या पौर्णिमेपासून हा नियम केला आहे. आणि माता-भगिनींनाही विनंती, की गुरुजी घरी आले तर घर लहान आहे म्हणून संकोचू नका. तुमच्या चुलीपाशी त्यांना जे शिकायला मिळेल, ते कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयात शिकवत नाहीत.

जयभीम.